पोरीचं नाव, पोराचं नाव

बारशाला नावावरून रुसवेफुगवे व्हायचेच. आत्याला एक नाव हवं असतं, आजीला दुसरं, आणि पंचांगातून निघालेलं अक्षर भलतंच असतं. पण अलीकडं आमच्या ओळखीतल्या एका घरात जो वाद पेटला तो निराळा होता. मुलगा झाला आणि आई-बापांनी त्याचं नाव पणजोबांच्या नावावरून 'शीतल' ठेवायचं ठरवलं. लगेच मामांचा फोन आला, "अरे, पोरीचं नाव ठेवतात का पोराला? शाळेत पोरं जगू देतील का त्याला?" त्यावर पुण्यात आयटीत असलेली चुलत बहीण म्हणाली, "मामा, जग कुठं गेलंय बघा. आता जेंडर-न्यूट्रल नावांचाच जमाना आहे." मग घरच्या ग्रुपवर एकीकडं संस्कृती बुडाल्याचा आक्रोश सुरू झाला, तर दुसरीकडं पुरोगामीपणाची सर्टिफिकेटं वाटली जाऊ लागली. पुढं हाच वाद मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ऐकला, सोलापुरात सात रस्त्याला चहाच्या गाड्यावरही ऐकला. सगळीकडं मुद्दे तेच होते आणि भांडणाची तऱ्हाही तीच होती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बाईचं आणि पुरुषाचं नाव एकच असणं ही आपल्याकडची जुनी, साधी आणि कुणाला न खुपलेली गोष्ट आहे. त्यात संस्कृतीवर घाला नाही आणि क्रांती तर त्याहून नाही. नाव ऐकताक्षणी माणूस बाई की पुरुष हे कळलंच पाहिजे, ही अट मात्र नवी आहे. शिवाय ती सगळ्यांना सारखी लागत नाही. ती मुलग्यांच्या नावाला लागते, आणि या वादातली खरी मेख तिथंच आहे.

ज्या पणजोबांच्या नावावरून हे महाभारत घडलं, ते स्वतः जन्मभर शीतल म्हणूनच वावरले. त्यांनी मार्केट यार्डात अडत चालवली, उधाऱ्या वसूल केल्या, मंदिराच्या पंचात बसले. "तुमचं नाव बाईचं कसं?" असं त्यांना कुणी विचारल्याचं घरातल्या कुणालाच आठवत नाही. विचारणार तरी का? शीतलनाथ हे दहावे तीर्थंकर. सोलापूर, बार्शी, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या जैन घरांत शीतल नावाचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ. त्यांच्या नावावरून पुरुष सुमतीलाल झाले, आणि सोलापुरात मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की ज्यांचं नाव हमखास निघतं त्या श्राविकाश्रमाच्या सुमतीबाई शहाही झाल्या. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांची तर गोष्टच वेगळी. श्वेतांबर परंपरा म्हणते की त्या स्त्री होत्या, मल्लीकुमारी. दिगंबर परंपरा म्हणते की ते पुरुष होते. मोक्षाचा अधिकार स्त्रीदेहाला आहे की नाही, एवढ्या मोठ्या प्रश्नावर दोन पंथ शतकानुशतकं वाद घालत आले, पण तीर्थंकरांच्या नावावरून कुणी भांडल्याचं मला ठाऊक नाही. आज आपल्या जिल्ह्यात मल्लिनाथ हे पक्कं पुरुषी नाव मानतात.

जैन घरं सोडून शहरात जरा फिरलं, तरी हेच दिसतं. सोलापूर मराठी बोलतं, कन्नड बोलतं, तेलुगू बोलतं, उर्दू बोलतं, आणि चारही भाषांनी नावाचा हा प्रश्न एकाच रीतीनं सोडवलेला आहे. नावाचा गाभा दोघांना मिळून एकच ठेवायचा आणि शेपूट बदलायचं. कन्नड घरात मल्लप्पा आणि मल्लव्वा, सिद्धप्पा आणि सिद्धव्वा, निंगप्पा आणि निंगव्वा. तेलुगू पद्मशाली घरात नरसय्या आणि नरसम्मा, राजय्या आणि राजम्मा. मराठीत गुलाबराव आणि गुलाबबाई, कोंडिबा आणि कोंडाबाई. उर्दूत शमशाद, नसीम, शाहीन, इक्बाल ही नावं दोघांचीही, पुढं बेगम, बानो किंवा बी लागलं की उलगडा झाला. यल्लम्मा ही देवी, पण तिच्या नावाचा भक्त यल्लप्पा होतो आणि मिशीला पीळ देत हिंडतो. अंबाबाईचा अंबादास होतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आणि तिथल्या देवाच्या जोडप्यानं तर नावांची सरळ अदलाबदल करून टाकली आहे. विठ्ठलाच्या नावानं बाया विठाबाई झाल्या, रखुमाईच्या नावानं बाप्ये रखमाजी झाले. वारीत कुणी कुणाला हाक मारली तर ती 'माउली' अशीच. दाढीवाला असो की डोक्यावर तुळस घेतलेली आजी असो.

गावांची, तीर्थांची नावंही तशीच. काशीबाई आणि काशीनाथ, द्वारकाबाई आणि द्वारकानाथ. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता वारलेले आपले डॉ. कोटणीस द्वारकानाथच होते. पंढरी हे मराठी खेड्यात पुरुषाचं नाव, आणि कन्नड-तमिळ चित्रपटांत गाजलेल्या अभिनेत्रीचं नाव पंढरीबाई. यादी आणखी वाढवता येईल. माणिक वर्मा आपल्या गायिका, तर माणिक सरकार त्रिपुराचे माजी मुख्यमंत्री. मृणाल गोरे मुंबईच्या रस्त्यावर पाण्यासाठी लढल्या आणि मृणाल सेन कोलकात्यात सिनेमे काढत होते. किरण मोरे यष्टीमागं उभे राहिले, किरण बेदी १९७२ साली पोलीस सेवेत शिरल्या. यांतल्या कुणाचं काही अडलं का?

मग अडलं कुठं? शेपूट गळालं तिथं. राव, बा, अप्पा, अव्वा, अम्मा, बाई हे सगळं नव्या पिढीला गावंढळ वाटू लागलं. शाळेच्या दाखल्यातून ते आधी गेलं, मग बोलण्यातूनही गेलं. नुसता गाभा उरला, तोही इंग्रजीत लिहिलेला. जे काम शेपूट करत होतं, मराठीत जे काम क्रियापदही करतं ('किरण आला', 'किरण आली', झालं काम), ते सगळं ओझं आता एकट्या नावावर येऊन पडलं. मग नाव ते पेलत नाही म्हणून आपण नावालाच दोष देतो.

आता विरुद्ध बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करू. मामांना संस्कृतीचा आधारच नाही असं नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात नियम आहे की मुलाच्या नावात सम अक्षरं असावीत, मुलीच्या नावात विषम. म्हणजे मुलाचं नाव वेगळं आणि मुलीचं वेगळं असावं, हा विचार आपल्या शास्त्रात आहे, तो कुणी बाहेरून आणलेला नाही. पण हा नियम लावून बघायचं धाडस करा. राम दोन अक्षरी, पास. सीताही दोन अक्षरी, म्हणजे पुरुषाचं नाव. राधा, लक्ष्मी त्याच रांगेत. गणेश, विठ्ठल, शिवाजी तीन अक्षरी, म्हणजे ही झाली बायकांची नावं. ज्या शास्त्राच्या नावानं शीतलला हरकत घेतली जाते, त्याच शास्त्रानं सगळं देवघर नापास होतं. नियम होता, तो लोकांनी पाळला नाही, आणि न पाळताही संस्कृती धडधाकट राहिली. तेव्हा हवा तेवढाच नियम उचलून उरलेला झाकून ठेवायचा, याला परंपरा म्हणायचं की सोय?

दुसरा मुद्दा घोटाळ्यांचा, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त पटतो. आमच्या शेजारी एक शीतलकाका आहेत, भुसार मालाचे व्यापारी, आवाज असा की फोन न लावता मंगळवार पेठेतून बाळीवेशीला ऐकू जावा. मुंबईला जायला त्यांनी एजंटाकडून सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. एजंटानं वय विचारलं, लोअर बर्थ हवा का विचारलं, आणि स्त्री की पुरुष हे न विचारता स्त्री भरून मोकळा झाला. मोहोळ यायच्या आत टीसी आला. बर्थवर मांडी घालून शेंगाचटणी-भाकरी सोडून बसलेल्या काकांकडं बघून म्हणाला, "या बर्थवरच्या मॅडम कुठंयत?" काका म्हणाले, "मीच त्या. बसा, भाकरी खा." आधारकार्ड दाखवून प्रकरण मिटलं, डबाभर हसं झालं ते वेगळं. काका ही गोष्ट रंगवून सांगतात. पण हाच घोळ परीक्षेच्या हॉलमध्ये, होस्टेलच्या यादीत किंवा दवाखान्याच्या वॉर्डात झाला तर हसू येत नाही, हे मी प्रवेशाच्या टेबलावर बसून पाहिलेलं आहे. मुलींच्या वसतिगृहाच्या यादीत एखाद्या किरणचं नाव लागतं, आणि तो ट्रंक घेऊन दारात उभा राहतो तेव्हा त्या पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या असतात.

पण या दोन्ही ठिकाणी नेमकी चूक कुणाची, हे बघायला नको का? तिकिटाच्या अर्जात लिंगाचा स्वतंत्र रकाना असतो. वसतिगृहाच्या अर्जातही असतो. माहिती विचारायची सोय होती, ती विचारली नाही किंवा वाचली नाही, आणि नावावरून अंदाज बांधला. आपला १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा घ्या. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी जन्माची नोंद होते आणि नाव मागाहून घालता येतं. मुलगा की मुलगी हे मात्र त्या पहिल्याच नोंदीत लिहिलं जातं. म्हणजे सरकारदरबारी माणसाला नाव मिळायच्या आधी त्याचं लिंग नोंदलेलं असतं. ज्या गोष्टीसाठी वेगळा, पक्का, आधीच भरलेला रकाना आहे, ती गोष्ट नावातून ओळखू आलीच पाहिजे हा हट्ट कशासाठी?

कुणी म्हणेल, नावावरून कळलं तर फसवणूक टळेल. लाडकी बहीण योजनेचं उदाहरण मला याच वादात दिलं गेलं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या, महिन्याला १,५०० रुपये देणाऱ्या या योजनेत १४ हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यात पैसे गेल्याचं २०२५ मध्ये समोर आलं. पण राज्यातले सगळे शीतल, किरण आणि शशी गोळा करून त्यांच्यावर खापर फोडणार का? आधारवर लिंग लिहिलेलं असताना पैसे गेले, ते पडताळणी झाली नाही म्हणून. ज्याला फसवायचंच आहे तो रामराव असला तरी फसवतो.

नावानं लिंग सांगितलंच पाहिजे असा नियम काही देशांनी खरोखर करून पाहिला आहे. जर्मनीत जन्माची नोंद करणारे निबंधक दोघांना चालणारं नाव अडवायचे आणि सोबत लिंग स्पष्ट करणारं दुसरं नाव जोडायला लावायचे. एका जोडप्यानं आपल्या मुलीचं नाव काय ठेवलं, तर किरण. निबंधक म्हणाला, हे मुलाचंही असतं, चालणार नाही. प्रकरण थेट तिथल्या घटनात्मक न्यायालयात गेलं आणि ५ डिसेंबर २००८ ला न्यायालयानं सांगितलं की असं दुसरं नाव जोडायची सक्ती करता येत नाही. आपल्या गल्लीतल्या किरणनं जर्मनीचा रिवाज मोडला, हे इथल्या किती किरणांना माहीत असेल? आइसलँडमध्ये तर नावांची सरकारी समितीच आहे. तिथं 'ब्लेर' या नावाच्या मुलीला समितीनं ते पुरुषाचं नाव म्हणून नाकारलं, आणि पोर पंधरा वर्षांची होईस्तोवर सरकारी कागदांवर नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' असं होतं. २०१३ मध्ये कोर्टानं तिला तिचं नाव दिलं, आणि २०१९ च्या कायद्यानं तिथली स्त्री-पुरुष नावांची वाटणीच संपवली. ज्यांनी ही शिस्त कसोशीनं पाळली त्यांनीच ती सोडून दिली, आणि आपण, ज्यांच्याकडं ती कधी नव्हतीच, आता ती आणायला निघालो आहोत.

उरला चिडवण्याचा मुद्दा. मामांच्या सगळ्या बोलण्यात हाच एक सच्चा होता, कारण त्यात शास्त्राचा आव नव्हता, भाच्याच्या पोराची काळजी होती. मुलं चिडवतात. "काय बे, बाईचं नाव ठेवलंय का बे तुझं?" हे आपल्या शहरातल्या कुठल्याही शाळेच्या पटांगणावर ऐकायला मिळेल, आणि ते ऐकणाऱ्या पोराला त्या वयात ते लागतं. नाव आई-बापांनी ठेवायचं आणि किंमत पोरानं मोजायची, हा आक्षेप मी उडवून लावणार नाही.

पण चिडवतात कशावरून, ते जरा नीट बघा. त्याच घरात चार वर्षांपूर्वी मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं विराज. नाव मुलग्यांचं आहे म्हणून कुणी फोन केला नाही. उलट "वा, काय भारदस्त नाव!" असं कौतुक झालं, आणि कौतुक करणाऱ्यांत मामाही होते. मुलीला आपण लाडानं 'अरे राजा' म्हणतो, 'माझा वाघ' म्हणतो. ती शिकली, नोकरीला लागली, आई-बापांना सांभाळू लागली की "ही माझी मुलगी नाही, मुलगाच आहे" हा तिच्यासाठी सर्वोच्च पुरस्कार. आता उलट करून बघा. कुठल्या बापानं कर्तबगार पोराबद्दल अभिमानानं सांगितलंय, "हा माझा मुलगा नाही, मुलगीच आहे"? मुलग्याला चुकून 'अगं' म्हटलं तरी शिवी दिल्यासारखं होतं. बांगड्या भर, लुगडं नेस, बायल्या, ही सगळी हत्यारं एकाच दिशेनं चालतात. गोंधळ हाच जर खरा त्रास असता, तर मुलीचं नाव विराज ठेवण्यानं तेवढाच गोंधळ होतो, आणि त्यालाही तेवढाच विरोध झाला असता. तो होत नाही. म्हणजे भीती आहे ती मुलग्याला मुलगी समजलं जाण्याची, आणि मुलगी समजलं जाणं म्हणजे खालच्या पायरीवर जाणं, हे आपण सगळ्यांनी मनोमन धरून ठेवलेलं आहे. पटांगणावरची पोरं ते आपल्याच घरांतून शिकून येतात. त्यांनी चिडवलं म्हणून नाव बदलायचं, म्हणजे त्यांचं म्हणणं बरोबर आहे असा घरूनच शिक्का मारून द्यायचा.

आणि पुरुषांनी बाईचं नाव मिरवल्याची उदाहरणं आपल्याकडं कमी आहेत का? संगीतकार वासुदेव भाटकर यांनी आपल्या मुलीच्या, स्नेहलताच्या नावावरून 'स्नेहल' हे नाव घेतलं आणि जन्मभर स्नेहल भाटकर म्हणून ओळखले गेले. शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून 'कुसुमाग्रज' हे नाव घेतलं. मराठीतला एवढा मोठा कवी स्वतःची ओळख 'कुसुमचा थोरला भाऊ' अशी करून देतो, आणि त्यात त्याचा पुरुषार्थ कुठं उणा पडत नाही.

एवढं ऐकून आयटीतली बहीण खूश होईल, म्हणून तिच्याशीही दोन शब्द बोललं पाहिजे. तिचा दावा असा की नावं एकसारखी झाली की भेदभाव विरघळेल. पंजाबकडं बघ म्हणावं. १६९९ मध्ये खालसा पंथ उभा राहिला, पुरुषापुढं सिंग आणि बाईपुढं कौर लागायचा रिवाज पडत गेला, आणि शीख घरांत पहिलं नाव दोघांना मिळून एकच होत गेलं. गुरप्रीत, मनप्रीत, हरजीत म्हटलं तर मुलगा, म्हटलं तर मुलगी. एवढी पिढ्यांची नामसमता असलेल्या त्या राज्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ७९८. २०११ मध्ये त्या ८४६ झाल्या. आपण हसायचं कारण नाही, महाराष्ट्राचा आकडा त्याच दहा वर्षांत ९१३ वरून ८९४ वर घसरला. जिला जन्मच मिळाला नाही तिला नाव कुठलं आणि तटस्थ कुठलं? तेव्हा बारशाला तटस्थ नाव ठेवून समतेचं काम केल्याचं समाधान मानू नये. ते काम सोनोग्राफीच्या खोलीत, सातबाऱ्यावर, आणि रात्री जेवणानंतर भांडी कोण घासतं तिथं असतं.

या तटस्थ नावांतही एक खोट आहे आणि तिच्याकडं बहिणीसारख्या लोकांचं लक्ष जात नाही. सामाईक नाव बहुतेक वेळा सामाईक राहत नाही. इंग्रजीत ॲशली, बेव्हर्ली, शर्ली ही एकेकाळी पुरुषांची नावं होती. मुलींना ती ठेवली जाऊ लागली, तसे मुलग्यांचे आई-बाप तिथून उठून गेले, आणि नावं बायकांची होऊन बसली. उलट दिशेनं, बायकांचं नाव हळूहळू पुरुषांचं झालं, असं सहसा होत नाही. आपल्याकडं कमल, सुमन, विमल यांचं हेच झालंय. दक्षिणेत कमल हासन, मध्य प्रदेशात कमलनाथ, आणि आपल्याकडं कमल म्हटलं की कमलाबाईच डोळ्यांपुढं येते. शीतलही त्याच वाटेला लागलंय. जुने शीतल आहेत तोवर आहेत, पुढं ते निव्वळ मुलींचं नाव होईल. म्हणून मुलाचं नाव शीतल ठेवण्यात मला नवलाई दिसत नाही, एक जुनी सामाईक जागा सामाईक ठेवण्याचा हट्ट दिसतो. तो हट्ट मला आवडतो. प्रत्येकानं धरावा असं मात्र नाही. ज्या आई-बापांना पोराच्या वाट्याला त्रास नको वाटतो त्यांनी खुशाल समर्थ, शौर्य, रुद्र ठेवावं. फक्त संस्कृती वाचवली असं म्हणू नये.

या सगळ्यात सर्वांत कमी बोललं जातं ते लग्नाबद्दल. शीतल मुलगा आणि शीतल मुलगी यांचं लग्न ठरतं तेव्हा काय होतं? पत्रिकेत काही अडत नाही. 'चि. शीतल' आणि 'चि. सौ. कां. शीतल' असं छापलं की वेंधळ्यातला वेंधळा पाहुणासुद्धा समजून जातो. इंग्लंडात १९२८ साली इव्हलिन वॉ नावाच्या लेखकानं इव्हलिन गार्डनर नावाच्या बाईशी लग्न केलं, तर मित्रांनी 'तो इव्हलिन' आणि 'ती इव्हलिन' म्हणून भागवलं. (ते लग्न लवकरच मोडलं, पण नावापायी नव्हे.) आपल्याकडं मात्र एकच तोडगा सुचतो. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि नवरीनं ते घ्यायचं. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय तोंडानं घ्यायचं नाही या जुन्या रिवाजानं तर तिला स्वतःचं नावही घेता येणार नाही. नाव दोघांचं सारखं, गैरसोयही दोघांची सारखी, मग बदल एकटीनंच का करायचा? तिची मार्कशीट, डिग्री, पॅन, आधार, बँकेचं खातं सगळं त्याच नावावर. ते बदलायला राजपत्रापासून सुरुवात करून वर्षभर खेटे घालायचे, ते तिनंच का? अशा एका घरात मी विचारलं, "नाव बदलायचंच असेल तर मुलाचं का बदलत नाही?" सासूबाई म्हणाल्या, "अहो, त्याचं कसं बदलायचं? त्याच्या आजोबांनी ठेवलंय." तिचं नाव तिच्या आजीनं ठेवलं होतं, ही माहिती मुलगी स्वतः देत होती, पण तोवर विषय मंगल कार्यालयाच्या ॲडव्हान्सकडं वळला होता.

त्या मुलीनं नाव बदललं नाही. लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावायचं तिनं मान्य केलं, त्यामुळं कागदावर ती आता शीतल शीतल आणि पुढं आडनाव अशी आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारनं आईचं नाव सक्तीचं केलंय. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. या दोघांना मूल होईल तेव्हा त्याच्या दाखल्यावर शीतल हे नाव लागोपाठ दोनदा येईल. टेबलामागचा कारकून 'चुकून दोनदा पडलंय' म्हणत त्यातलं एक खोडायला निघेल, आणि खोडेल ते बहुतेक आईचंच. तिथं उभं राहून त्याला ते खोडू द्यायचं नाही, हे काम त्या दोघांना करावं लागेल, आणि यावेळी दोघांपैकी खिडकीशी शीतलराव गेले तर बरं.